पाच-सहा वर्षांच्या मुलाला कोल्हापुरात घरीच शिकवतोय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गणित-विज्ञान कसं घ्यावं?

गच्चीवर काठीची सावली मोजायला लावा, आठवड्यातून एकदा, दुपारी सव्वाबारा ते साडेबारा. शरदात सूर्य दक्षिणेकडे सरकतो. मीटरभर काठीची सावली कोल्हापुरात २३ सप्टेंबरला साधारण ३० सेंटीमीटर, तर २२ नोव्हेंबरला ७५च्या आसपास असते. सावलीएवढी सुतळी कापून भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवा, आलेख आपोआप होतो. काठी पाटाला खालून खिळा मारून उभी करा आणि ओळंब्यानं तपासा, कारण जराशी कलली तरी आकडे फसतात. (कुंडीत नको, सावली काठावर मोडते.) परतीच्या पावसानं आठवडा खाल्लाच, तर घटातले गव्हाचे कोंब पट्टीनं मोजा. अक्षरओळख मात्र यात येत नाही. तिला सकाळी ऊन चढायच्या आत वीस मिनिटं वेगळी काढा.