टाचा फुटायला लागल्यात? आधी एवढंच करा

मुंबईच्या दमट हवेतून नाशिकच्या कोरड्या हवेत राहायला आलात, की पहिल्याच थंडीत टाचा फुटणं साहजिक आहे. घाबरू नका, बऱ्या होतात. लगेच चार-पाच क्रीमं आणू नका. सध्या एवढं सांभाळा:

- आंघोळ कोमट पाण्यानेच. कढत पाण्याने बरं वाटतं, पण त्वचेचा तेलकटपणा निघून जातो.
- अंग टिपून घ्या, खसाखसा पुसू नका आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. सगळ्यात महत्त्वाचं हेच! त्वचा सुकल्यावर कितीही चोपडलं तरी तितका गुण येत नाही.
- रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून पुसा आणि कोकमतेल लावा. थंडीत ते दगडासारखं घट्ट असतं. तुकडा पळीत घेऊन मंद आचेवर वितळवा, बोटाला सोसेल इतपत निवलं की भेगांत जिरवा. वर सुती मोजे.

नवखे लोक हमखास वज्रीने टाचा लाल होईपर्यंत घासतात, त्याने भेगा आणखी खोल जातात. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, पुरे.

मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त, पू येत असेल, तर यातलं काही न करता थेट डॉक्टरांना दाखवा.