मुठीवर शिकलेले आजोबा

प्रश्न : माझे आजोबा साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकले. ‘मी मुठीवर शिकलो’ असं ते अभिमानानं सांगतात. म्हणजे भीक मागून का? त्यांना विचारायला संकोच वाटतो. आणि बोर्डिंगासाठी मंगळसूत्र विकल्याची गोष्ट खरी आहे का?
– एक वाचक, विटा

उत्तर : ताई, तुमचे आजोबा भीक मागून शिकलेले नाहीत, हे आधी सांगून टाकतो.

मूठ म्हणजे मुष्टिफंड. माझी आई सांगायची, जात्यावर बसायच्या आधी मूठभर जोंधळा वेगळ्या गाडग्यात टाकायचा. गाडगं भरलं की बोर्डिंगातली पोरं पोतं घेऊन दारात हजर. स्वतःच्या घरात पीठ कमी पडलं तरी त्या गाडग्यात हात घालायची आमच्या आजीची छाती नव्हती! ज्या बाईला कधी शाळेची पायरी दिसली नाही, तिचा शाळेतला वाटा होता तो. याला भीक कशी म्हणायची?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाक स्वतः करायची, एका पंगतीला जेवायची. त्या काळात हे किती जणांच्या डोळ्यांत खुपलं असेल, याचा अंदाज करा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

मंगळसूत्राची गोष्ट खरी आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचे दागिने बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणापायी एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेचा पुढचा पसारा, १९४७ चं साताऱ्याचं शिवाजी कॉलेज, यातलं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. भाऊरावांच्या सभा-सत्काराची भाषणं पुष्कळ होतात, लक्ष्मीबाईंवर मात्र दोन वाक्यं बोलून लोक पुढं सरकतात. मला ते खटकतं.

मी त्याच शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’वर शिकलो. पहाटे शेतावर दारं धरायची आणि चिखलाचे पाय धुऊन वर्गात बसायचं. पहिल्या बाकावरून मास्तरांना माझ्या चपलांचा वास येत असणार, पण कधी कुणी बोललं नाही.

आजोबांना जरूर विचारा. फक्त ‘भीक’ हा शब्द नको. ‘मूठ गोळा करायला तुमच्या वाट्याला कुठली आळी होती?’ असं विचारा आणि निवांत बसा. चहा दोनदा टाकावा लागेल.