वाळवीचं बिल कुणाचं?

प्रिय पोरी,

तुझा निरोप वाचला. राहायला जाऊन तीन आठवडे झाले, स्वयंपाकघराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली आणि मालक म्हणतात, पेस्ट कंट्रोल भाडेकरूनं करायचं. संबंध बिघडू नयेत म्हणून तू पैसे भरायला निघालीस. थांब. कीड कुठून आली हे ठरल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही.

तीन आठवड्यांत चौकट पोकळ होत नाही. पेचकसाच्या मुठीनं ठोकून बघ. पोकळ वाजली, तर वाळवी तुझ्या आधीपासूनची आहे. ती मातीची रेघ म्हणजे वाळवीची ये-जा करायची नळी, ती लगेच पुसू नकोस. शेजारी पट्टी धरून फोटो काढ, मग मधली दोन इंच खरवड. काही दिवसांत ती जागा पुन्हा बुजली, तर आत वाळवी जिवंत आहे. दुकानातला स्प्रे तर मारूच नकोस. समोरच्या मरतात, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं.

खरा उपाय म्हणजे भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडायचं आणि ती सिमेंटनं बुजवायची. कंपन्या त्याची हमी वर्षांच्या हिशेबात देतात, तुझा करार ११ महिन्यांचा. फरशी मालकाची, तिला भोक पाडायचं तर परवानगीही त्यांचीच. मग बिल तुझं कसं?

'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' हे कलम ते दाखवतील. वाळवी किरकोळ नाही, एवढंच सांग. करार नोंदवलाय का तेही बघ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

झुरळं मागाहून झाली, तर खर्च तुझा. तिथे कुरकुर नको. बिजागऱ्यांत झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके लाव, जवळपास स्प्रे मारू नकोस, नाहीतर ती जेलला तोंड लावत नाहीत. ढेकणांचं मात्र कठीण. तुझ्या गादीतून आले की मालकाच्या पलंगात होते? पुन्हा तेच: कुठून आले? म्हणून पलंगाचे सांधे पहिल्याच दिवशी बघायचे असतात. अंडी एका फवारणीत मरत नाहीत, साधारण दोन आठवड्यांनी दुसरी लागते. दर दोन्हींचा मिळून ठरव.

भिडेपायी आम्ही गप्प बसलो आणि आमच्या तेव्हाच्या मालकांनी डिपॉझिटमधून पैसे कापून घेतले. आता मी या बाबतीत हट्टी आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आज रात्रीच मालकांना फोटो पाठव. खाली लिही: 'ताबा घेतल्याची तारीख अमुक, वाळवी दिसल्याची तारीख तमुक. माणूस कधी पाठवताय?' फोनवर बोललात, तरी ते बोलणं नंतर मेसेजमध्ये उतरव.