डुकराच्या केसांचा नवा दाढीचा ब्रश टोचतो आणि वासही मारतो. काय करावं?

दोन्ही नवेपणाची लक्षणं, ब्रश खराब नाही. एकदा शाम्पूने धुवा. मग रोज दाढीआधी फक्त केस (मूठ नव्हे) 5 ते 10 मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. हा केस पाणी पिऊन मऊ पडतो. कोरडाच घासलात तर फेस स्वतःच पितो आणि गाल सोलतो. उकळतं पाणी नको, केस ठिसूळ होतात, गोंदही सुटतो.

10 ते 20 दाढ्यांनंतर उजेडात धरून बघा, केसांच्या टोकांना बारीक फाटे फुटलेले दिसतील. मऊपणा येतो तो त्यांच्यामुळेच. घाई असेल तर दाढी नसेल त्या दिवशीही तळहातावर फेस करा आणि ब्रश पूर्ण वाळू द्या. सुरुवातीला चार-सहा केस गळणारच; झुपकाच हातात आला तर मात्र परत करा.

बेळगाव-खानापूरकडे खरी पंचाईत पावसाळ्यात. ब्रश झटका, टॉवेलवर पुसा, खिडकीशी ठेवा; बंद कपाटात मुळाशी बुरशी धरते. विकणारे या ब्रशला ‘बोअर’ (इंग्रजीत डुक्कर) म्हणतात, पण त्याचं आपल्या बोअरच्या पाण्याशी काही जमत नाही: जड पाण्याने साबणाचा पांढरा थर बसतो. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून महिन्यातून एकदा धुवा.