बॉयकॉट नेमका कुठला?

प्रश्न : ऑफिसच्या ग्रुपवर वाद पेटलाय. एकाचं म्हणणं, बॉयकॉट हा शब्द क्रिकेटर जेफ्री बॉयकॉटवरून आला. खरं आहे का? आणि 'बॉयकॉट ऑन द एक्झाम' चालतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आडनाव बरोबर पकडलंय, माणूस चुकला! जेफ्री जन्मला 1940 मध्ये, तोवर हा शब्द साठ वर्षांचा झाला होता. खरा माणूस कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा एजंट. 1880 ला पीक बुडालं म्हणून कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, मालक 10 च्या वर जाईना, आणि बॉयकॉटने सरळ कुळांना जमिनीवरून हाकलायच्या नोटिसा काढल्या. त्याआधी थोडेच दिवस पार्नेल या पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं की असल्या माणसाला हात लावू नका, फक्त एकटं पाडा. झालं, गडी-मोलकरणी काम सोडून गेल्या, दुकानदार सामान देईनात, शेतात पीक तसंच उभं. शेवटी बाहेरून 50 मजूर आले, त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक-पोलीस, आणि जेमतेम 500 पौंडांच्या पिकापायी सरकारचे 10,000 पौंड गेले म्हणतात! डिसेंबरात साहेबांनी आयर्लंड सोडलं.

शब्द सुचवला म्हणे तिथल्याच फादर जॉन ओमॅली यांनी, कारण ऑस्ट्रसाइज (वाळीत टाकणं) हा भारदस्त शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसला नसता. असं पत्रकार जेम्स रेडपाथ सांगतो. 1880 च्याच नोव्हेंबरात हा शब्द लंडनच्या टाइम्समध्ये छापून आला.

आपल्याकडे 1905 च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत जो 'बहिष्कार' होता तो हाच, विलायती मालावरचा. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकणं मात्र मी यात धरणार नाही, तिथे जोर वरून खाली असतो, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदाच आहे.

आता 'ऑन'चं. आपण परीक्षे'वर' बहिष्कार टाकतो म्हणून तो 'वर' इंग्रजीत घुसतो. क्रियापद वापरताना 'ऑन' नको, सरळ 'दे बॉयकॉटेड द एक्झाम'. नाम असेल तर 'बॉयकॉट ऑफ'. बॅनशीही गल्लत नको, कॉलेजने मोबाइल बंद केले तर बॅन, पोरांनी कँटीनकडे पाठ फिरवली तर बॉयकॉट. आणि स्पेलिंगमध्ये शेवटी टी दोन, कॅप्टनच्या आडनावात होते तसेच.