मुलगी एकच कार्टून थांबवून थांबवून बघते, यात काही करिअर आहे का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सतरा वर्षांची, अभ्यासात बरी, पण रोज रात्री जुनी कार्टून लावून बसते, एकच सीन मागेपुढे करत दहा दहा वेळा बघते आणि वहीत काहीतरी लिहीत असते. तुम्ही एक दिवस ती वही उघडलीत तर आत लिहिलेलं, 'दार बंद होतं. मग काहीच नाही, २० फ्रेम. मग नुसता आवाज. पडलेला दिसतच नाही तरी हसू येतं, का?' तिचा आवडता डिरेक्टर गेंडी टार्टाकोव्स्की, ड्रॉइंग मात्र साधारण, ड्रॉइंगच्या बाईंनी तर हिचं यात काही होणार नाही असं सांगून टाकलंय. आणि तुमचा प्रश्न असा की हे वेड समजून बंद करायचं की याला काही वाट आहे.

बंद करू नका, आणि असं का म्हणतोय तेही सांगतो. अॅनिमेशनमध्ये एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागोमाग दिसणारी २४ स्थिर चित्रं असतात, म्हणजे तिने मोजलेल्या २० फ्रेम हा एक सेकंदसुद्धा नाही. तेवढ्या वेळात पडद्यावर काहीही घडत नाही, आणि तरी आपण हसतो ते त्या रिकाम्या जागेमुळेच! ती जागा १० फ्रेमची केली तर विनोद घाईत उरकल्यासारखा वाटतो, ४० ची केली तर बघणारा कंटाळतो, आणि नेमकी किती ठेवायची हे ठरवायचं काम डिरेक्टरचं असतं. तुमच्या मुलीला ही जागा दिसली, तिने ती मोजली आणि पुढे 'का' असं विचारलं. माझ्याकडे अॅनिमेशनला जायचं म्हणून येणारी बहुतेक मुलं सॉफ्टवेअर कुठलं शिकू एवढंच विचारतात, हा 'का' मी फार कमी वेळा ऐकलाय.

आता ड्रॉइंगचं. टॉम अँड जेरी ज्यांनी १९४० मध्ये सुरू केलं ते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, या जोडीत चित्रं आणि गॅग (छोटे विनोदी प्रसंग) ही बार्बेराची बाजू आणि टायमिंग ही हॅनाची. चित्रकार म्हणून हॅनाचं नाव कुणी फारसं घेत नाही, पण कुठली हालचाल किती फ्रेम चालणार, कुठे थांबणार, मार कधी बसणार हे त्याच्या हातात होतं आणि त्या जोडीच्या टॉम अँड जेरीला सात ऑस्कर मिळाले. १९५७ मध्ये ते नोकरी करत होते तो एमजीएम कंपनीचा कार्टून स्टुडिओ बंद झाला आणि दोघं टीव्हीकडे वळले, तिथे पैसे कमी, वेळ कमी, त्यामुळे चित्रंही कमी. मग त्यांनी काय केलं, योगी बेअर या त्यांच्या कार्टूनमधल्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय घातला, म्हणजे मानेचा सांधा झाकला जातो, धड तसंच ठेवून फक्त डोकं हलवलं तरी चालतं. ताई, मला ही गोष्ट फार आवडते, कारण टीव्हीच्या कार्टूनची सगळी शाळाच त्या कॉलरमध्ये आहे. हालचाल कमी झाली की विनोदाचा सगळा भार दोनच गोष्टींवर येतो, पात्र उभं कसं आहे आणि किती वेळ उभं आहे. तुमची मुलगी वहीत नेमकं तेच टिपतेय.

तिच्या आवडत्या डिरेक्टरचंच घ्या. मॉस्कोत १९७० ला जन्म, लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला, पुढे कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कला संस्थेत शिकला आणि तिथे केलेल्या स्टुडंट फिल्ममधूनच १९९६ ची 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' ही मालिका उभी राहिली. त्या मालिकेतली ऑम्लेटवाली गोष्ट तिला नक्की पाठ असेल. डेक्स्टर, म्हणजे घरात गुप्त लॅब असलेला छोटा शास्त्रज्ञ, झोपेत फ्रेंच शिकायला रेकॉर्ड लावतो, रेकॉर्ड अडकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून 'ऑम्लेट दु फ्रोमाज' सोडून दुसरं काही निघतच नाही (बरोबर फ्रेंच 'ओ फ्रोमाज' होईल, पण ते असो). दिवसभर त्या एका वाक्यावर सगळे त्याच्यावर फिदा होतात, आणि शेवटी घरी आल्यावर स्वतःच्याच लॅबचा पासवर्ड बोलायची वेळ येते तेव्हा तेच वाक्य त्याला बुडवतं. यात चित्रं किती सुंदर आहेत याचा काही संबंध नाही, वाक्य एकच, प्रसंग बदलत जातात, आणि ज्याने सगळं मिळवून दिलं तेच शेवटी सगळं घालवतं. हे रचणाऱ्या माणसाला चित्र काढता यायला हवं, पण समोरच्याला कळेल इतकंच.

हे 'कळेल इतकंच' मात्र लागतं हं, त्यात सूट नाही. स्टोरीबोर्ड म्हणजे सीनची छोट्या छोट्या चौकटींत काढलेली रूपरेषा, आणि टीव्ही कार्टूनमध्ये डिरेक्शनकडे जायचा नेहमीचा रस्ता त्यातूनच जातो. चौकटीतल्या काडीच्या माणसाकडे बघून तो घाबरलाय की चिडलाय हे लगेच समजलं पाहिजे. त्यासाठी तिने रोज अर्धा तास बसल्या जागी दिसणाऱ्या माणसांची तीस तीस सेकंदांत स्केचेस काढावीत, चेहरा नाही काढला तरी चालेल, फक्त शरीराचा कल. सहा महिन्यांत फरक दिसतो. ड्रॉइंगच्या बाई शेडिंग बघून बोलल्या असतील, शेडिंग इथे कुणी विचारत नाही.

आता पुढचं थोडं तिच्याशीच बोलतो, पत्र तिला वाचायला द्या.

बाळा, तू गेंडीची स्टाइल आवडते म्हणतेस, तर एक काम कर. डेक्स्टरचा एक सीन आणि त्यानेच २००१ मध्ये केलेल्या 'सामुराई जॅक'चा एक सीन शेजारी शेजारी ठेवून बघ. डेक्स्टरला जाड काळी बाहेररेषा आहे आणि सगळं पळापळीत चाललंय. पाच वर्षांनी तोच माणूस पात्रांची बाहेररेषा काढून टाकतो आणि मिनिटंच्या मिनिटं कुणी बोलत नाही, गवत हलतं, वारा येतो, मग एकदम तलवार. म्हणजे तू जिला स्टाइल म्हणतेस ती त्या गोष्टीपुरती ठरवलेली होती, पुढच्या गोष्टीला त्याने ती सोडून दिली. मग दोन्हीकडे सारखं काय राहिलं ते शोध. मला विचारशील तर माझं उत्तर, फटका बसायच्या आधीचा थांबा. डेक्स्टरमध्ये त्यावर हसू येतं, जॅकमध्ये छाती धडधडते, पण मोजमाप एकाच हाताचं आहे. तुझं उत्तर वेगळं आलं तर मला कळव, मला खरंच वाचायला आवडेल.

पण नुसतं बघत राहू नकोस. आठवड्याला एक गॅग स्वतःचा कर, वीस सेकंदांचा, दहा-बारा चौकटी, त्यांचे फोटो काढून मोबाइलवरच एकामागे एक लाव आणि तात्पुरता आवाज टाक, याला अॅनिमॅटिक म्हणतात. मग तो अशा तिघांना दाखव ज्यांना आधी काही सांगितलेलं नाही, आणि स्क्रीनकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघ. जिथे हसायला हवं होतं तिथे हसले नाहीत तर चित्र बदलू नकोस, आधी त्या चौकटीचा वेळ कमीजास्त करून परत दाखव. सुरुवातीला गेंडीची सरळ नक्कल केलीस तरी हरकत नाही, फक्त पोर्टफोलिओत ती घालू नकोस.

ताई, कोर्सबद्दल तुम्ही विचारलंय. कुठलाही कोर्स घेताना एवढंच बघा की स्टोरीबोर्ड आणि एडिटिंग किती शिकवतात आणि मुलांच्या स्वतःच्या शॉर्ट फिल्म होतात का, नुसत्या सॉफ्टवेअरच्या यादीवर जाऊ नका. सॉफ्टवेअरचं काय, ब्लेंडर नावाचं अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात टूडी, म्हणजे सपाट चित्रांचं कामही होतं, ते ती घरी शिकेल. कोर्स करून बाहेर पडल्यावर लगेच कुणी डिरेक्टर करत नाही, आधी काही वर्षं दुसऱ्याच्या बोर्डमध्ये दुरुस्त्या करायच्या, किंवा टायमिंगचे शीट भरायचे, म्हणजे कुठली चौकट किती फ्रेम ते ओळीने लिहायचं, दिवसभर. बऱ्याच मुलांना हा भाग रटाळ वाटतो आणि ती सोडून जातात. तुमची मुलगी हे काम रोज रात्री आपणहून करतेय, म्हणून तर मी इतक्या खात्रीने लिहितोय.

तीन महिन्यांनी तिचे बारा अॅनिमॅटिक आणि ती वही घेऊन दोघी या. बारा नाही झाले, सातच झाले तरी या, पण ते तिघांना दाखवून झालेले असावेत आणि कोण कुठे हसलं ते वहीत लिहिलेलं असावं.