बातमीतली ‘तुकडी’ म्हणजे नेमके किती जण?

प्रश्न : गडचिरोलीतील चकमकीला एका वाहिनीने ‘लष्कराची मोठी कारवाई’ म्हटले. माझा भाचा तिथे सी-60 मध्ये आहे, आणि तो तर पोलीस आहे. मग हे लष्कर कोणते? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सी-60 हे 1990 मध्ये उभारलेले महाराष्ट्र पोलिसांचे पथक आहे. त्याच्या जोडीने जंगलात उतरणारे केंद्रीय राखीव पोलीस दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तर लष्कर संरक्षण मंत्रालयाच्या. ठिपक्यांचा गणवेश आणि हातातील रायफल पाहून वार्ताहराची गफलत होते हे मला कळते, पण ती खपवून घेऊ नये, कारण या एका शब्दाने जबाबदारी भलत्याच्याच दारात जाते. चकमकीत काही चुकले असेल तर जाब पोलिसांना आणि गृहखात्याला विचारायचा असतो. आणि यश मिळाले असेल तर दिवसरात्र डोंगर तुडवणाऱ्या आपल्या भाच्याच्या पथकाचे नाव बातमीत यायला हवे. नेमके दल ठाऊक नसेल तर ‘सुरक्षा दले’ असे लिहावे. तो शब्द मोघम आहे, पण खोटा नाही.

प्रश्न : कामठीत गार्ड्सची ‘ब्रिगेड’ आहे की ‘रेजिमेंट’? वृत्तपत्रांत दोन्ही वाचले. (एक निवृत्त शिक्षिका, कामठी)

उत्तर : ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ हे 1949 मध्ये उभारलेल्या एका रेजिमेंटचे नाव आहे, आणि कामठीत आहे ते तिचे रेजिमेंटल सेंटर, म्हणजे जिथे नवे शिपाई घडवले जातात ते केंद्र. पायदळातील रेजिमेंट हे एक घराणे समजावे: त्याच्या बटालियन देशभर विखुरलेल्या असतात, त्यांची परंपरा व बोधचिन्ह एक असते, पण सगळ्या मिळून एकत्र लढायला जात नाहीत. ब्रिगेडचे याच्या उलट असते. तिच्यात बहुधा तीन बटालियन, त्याही अनेकदा वेगवेगळ्या घराण्यांतल्या, एका ब्रिगेडियरच्या हुकमाखाली लढायला एकत्र येतात. (तोफखान्यात मात्र रेजिमेंट म्हणजे बटालियनच्या तोलाचे एकच युनिट.)

खरा घोळ आपल्या ‘तुकडी’ या शब्दाने होतो. सेक्शन सुमारे दहा जणांचे, प्लाटून तिसेक जणांची, कंपनी शंभराच्या वर आणि बटालियन आठशेच्या आसपास; मराठी बातमीत या चारही ‘तुकडी’च ठरतात. सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरात अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरले, तशा प्रसंगी ‘लष्कराची तुकडी दाखल’ एवढेच लिहिले, तर ज्याची आई पहिल्या मजल्यावर अडकली आहे त्याला मदतीला दहा जण आले की शंभर, हे कळत नाही. आकडा विचारायला वार्ताहराला एक फोन पुरतो, आणि तो त्याने करायलाच हवा.

प्रश्न : ‘युद्धबंदी’ आणि ‘शस्त्रसंधी’ यांत फरक काय? (एक विद्यार्थी, धरमपेठ)

उत्तर : मराठीत दोन्ही शब्द लढाई थांबवण्यासाठी वापरतात. हिंदीत मात्र ‘युद्धबंदी’ म्हणजे युद्धकैदी, आणि नागपुरात हिंदी मजकुरावरून घाईने मराठी बातमी करताना नेमका इथेच पाय घसरतो. डिसेंबर 1971 मध्ये ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे 93 हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. पश्चिम सीमेवर मात्र भारताने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. या घटना वेगळ्या, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

प्रश्न : गोळीबाराच्या बातमीत ‘रस्त्यावर रिकाम्या गोळ्या सापडल्या’ असे लिहितात. गोळी रिकामी कशी असेल? (एक वाचक, वर्धमाननगर)

उत्तर : नसतेच. एक काडतूस डोळ्यांसमोर आणा: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा ओढला की गोळी समोर जाते आणि रिकामी पुंगळी पिस्तुलातून उडून जवळच पडते. म्हणजे पुंगळीवरून झाडणारा साधारण कुठे उभा होता याचा माग लागतो, तर गोळीवरून ती कुठे लागली याचा. दोन्हींना ‘गोळी’ म्हटले की वाचकाच्या मनात मारेकरी आणि बळी यांच्या जागांची अदलाबदल होते, आणि न्यायालयात हीच जागा महत्त्वाची ठरते. आणखी एक गोष्ट तपासावी: रिव्हॉल्वरमध्ये पुंगळ्या आपोआप बाहेर पडत नाहीत, हाताने काढेपर्यंत त्या फिरत्या चक्रातच राहतात. त्यामुळे बातमीत ‘रिव्हॉल्वरमधून गोळीबार’ आणि ‘रस्त्यावर चार पुंगळ्या’ असे एकत्र आले, तर वार्ताहराने पोलिसांना शस्त्र कोणते होते हे पुन्हा एकदा विचारावे.